सौर वादळ आणि वळीव

10 मे 2024 च्या रात्री पृथ्वीवर 2003 नंतरचं सर्वांत मोठं चुंबकीय वादळ आलं. लडाखमधल्या हान्लेच्या कॅमेऱ्यांनी आकाशातली तांबडी झळाळी टिपली. तिसऱ्याच दिवशी, 13 मे रोजी, मुंबईवर धुळीचं वादळ चालून आलं आणि घाटकोपरला जाहिरातीचा अजस्र फलक पेट्रोल पंपावर कोसळला. दोन्ही बातम्यांत शब्द एकच, वादळ. वरच्या वादळाचा खालच्याशी काही संबंध असेल का, असं कुणाच्याही मनात येणं साहजिक आहे.

त्या दोन घटनांपुरतं उत्तर सरळ आहे: नाही. 13 मेचा प्रकार वळवाचा होता. जमीन तापलेली, समुद्रावरून दमट हवा आत आलेली. त्यातून उंच ढग उभा राहिला, पडणाऱ्या पावसाने थंड झालेली जड हवा धाडकन खाली आली आणि जमिनीवर आपटून पसरली. धूळ तिनेच उडवली. या सगळ्यामागची ऊर्जा वाफेचं पाणी होताना सुटणाऱ्या उष्णतेची. त्यात सूर्याचा हात आहेच, पण तो रोजच्या उन्हाचा.

मोठा प्रश्न मात्र उरतो. सूर्याच्या चढउतारांचा पृथ्वीच्या हवामानावर परिणाम होतो का? होतो. पण कोणत्या वाटेने, किती उंचीवर, किती प्रमाणात आणि किती उशिराने, हे चार प्रश्न सुटे सुटे विचारावे लागतात.

आधी हिशेब

'सौर वादळ' या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिली सौरज्वाला: क्ष-किरणांचा आणि अतिनील प्रकाशाचा झोत. तो 8 मिनिटं 20 सेकंदांत इथे पोचतो. दुसरी प्रोटॉनांचा मारा: सर्वांत वेगवान कण अर्ध्या तासाच्या आत येतात, बाकीचे तासांनी. तिसरी सीएमई: सूर्याच्या प्रभामंडलातून सुटलेला चुंबकित वायूचा लोट. त्याला साधारण 15 तासांपासून तीन-चार दिवस लागतात. 1859 च्या कॅरिंग्टन वादळात साडेसतरा तास लागले होते. अमेरिकेची नोआ संस्था इशारे देताना आर, एस आणि जी अशा तीन वेगळ्या श्रेणी वापरते, त्या याच कारणाने. 'सूर्यावर स्फोट झाला म्हणून पाऊस आला' असं कुणी म्हटलं, तर यांतलं नेमकं काय आलं आणि कधी आलं, हे आधी विचारावं. बरेच दावे इथेच, वेळापत्रकावरच, अडतात.

आता ऊर्जा. सूर्यापासून सतत वाहणाऱ्या कणांच्या झोतात, म्हणजे सौर वाऱ्यात, एरवी दर घनसेंटिमीटरला सुमारे 5 प्रोटॉन असतात आणि वेग सेकंदाला 400 किलोमीटर. त्यांची गतिज ऊर्जा काढली तर दर चौरस मीटरला 0.0003 वॉटहूनही थोडी कमी भरते. सूर्यप्रकाश देतो 1361 वॉट. म्हणजे सौर वारा प्रकाशाच्या 50 लाखाव्या हिश्शाएवढा! वादळात घनता 20 आणि वेग 800 धरा; ऊर्जा तीसपट वाढून 0.009 वॉटच्या आसपास जाते. तरीही ती प्रकाशाच्या दीड लाखाव्या हिश्शाहून कमी. शिवाय यातला बराचसा भाग पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बाजूने वळवून लावतं.

या एका गणितावरून पुष्कळ जण प्रकरण मिटवतात. ते घाईचं आहे. बंदुकीचा घोडा ओढायला लागणारी ताकद गोळीच्या ताकदीपुढे नगण्य असते, पण गोळी सुटते. म्हणून खरा शोध 'घोड्या'चा आहे: थोड्या ऊर्जेने मोठी गोष्ट हलेल अशी जागा वातावरणात कुठे आहे?

ती शोधताना उंचीचा जिना लक्षात ठेवावा. ध्रुवीय प्रकाश उजळवणारे इलेक्ट्रॉन 100 किलोमीटरच्या आसपास थांबतात. पृथ्वीभोवतीच्या प्रारण पट्ट्यांत अडकलेले अधिक जोरकस इलेक्ट्रॉन 60 ते 80 किलोमीटरपर्यंत उतरतात. 30 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा सौर प्रोटॉन सुमारे 50 किलोमीटरपर्यंत, 100 दशलक्षचा 30-35 पर्यंत. आपलं हवामान घडतं ते तपांबरात, म्हणजे ध्रुवांवर 8-9 आणि आपल्याकडे 16-17 किलोमीटरच्या खाली. तिथवर थेट पोचणारे मुख्यतः दोघेच: दृश्य प्रकाश, आणि आकाशगंगेतून येणारे वैश्विक किरण. बाकी सगळ्यांना मधल्या थरांत निरोप ठेवून जावं लागतं. तो निरोप खाली पोचतो का आणि पोचेपर्यंत त्यातलं काय उरतं, हा या विषयाचा गाभा.

अतिनील किरणांची वाट

सर्वांत भक्कम पुरावा या वाटेला आहे. 11 वर्षांच्या सौरचक्रात सूर्याचा एकूण प्रकाश फक्त 0.1 टक्का बदलतो, म्हणजे सुमारे 1 वॉट. पृथ्वी गोल आहे म्हणून त्याला चाराने भागायचं, परावर्तित होणारा 30 टक्के भाग वजा करायचा, की उरतात दर चौरस मीटरला जेमतेम 0.17-0.18 वॉट. 1750 पासून वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडचा भार 2 वॉटहून थोडा जास्त आहे, आणि तो चक्राबरोबर खालीवर होत नाही, चढतच जातो. सौरचक्राने पृथ्वीच्या सरासरी तापमानात पडणारा फरक 0.1 अंशाच्या आसपास आहे.

पण हा 0.1 टक्का सगळ्या तरंगलांबींवर सारखा वाटलेला नसतो. 200 नॅनोमीटरजवळच्या अतिनील किरणांत चक्राच्या तळापासून माथ्यापर्यंत 6 ते 8 टक्के फरक पडतो. हेच किरण ऑक्सिजन फोडून ओझोन तयार करतात. त्यामुळे सूर्य सक्रिय असताना 40 किलोमीटरच्या आसपासचा ओझोन दोन-तीन टक्क्यांनी वाढतो. ओझोन ऊन शोषतो, म्हणून विषुववृत्ताकडचं वरचं स्थितांबर (तपांबराच्या वरचा थर) सुमारे एका अंशाने गरम होतं. हिवाळ्यात ध्रुवावर ऊनच नसतं, त्यामुळे विषुववृत्त आणि ध्रुव यांच्यातला तापमानाचा उतार तीव्र होतो आणि त्या उतारावर वाहणारा स्थितांबरातला पश्चिमी झोत बळावतो. तपांबरातून वर चढणाऱ्या अजस्र लाटांची दिशा या झोताने बदलते, लाटा बदलल्या की ध्रुवाभोवती फिरणाऱ्या थंड वाऱ्यांचा ध्रुवीय भोवरा घट्ट होतो, आणि काही आठवड्यांनी त्याची खूण उत्तर अटलांटिकवरच्या हवेच्या दाबात उमटू शकते. झोत बळकट असला की उत्तर युरोपचा हिवाळा सौम्य, ढेपाळला की कडक.

सूर्य कमालीचा शांत असताना, 2009-10 मध्ये, उत्तर युरोपात हाडं गोठवणारा हिवाळा पडला. सिद्धांताला हे चपखल बसलं. पण 2019 मध्ये दीर्घ नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा अटलांटिकचा दाब आणि सौरचक्र यांची जोडी 1960 च्या दशकाच्या मध्यानंतरच जुळताना दिसली. त्याआधी नाही. एवढी जुळणी निव्वळ योगायोगानेही होऊ शकते, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. माझं मत असं: स्थितांबरापर्यंतची साखळी सिद्ध आहे, जमिनीपर्यंतची शेवटची कडी अजून सैल आहे. आणि ही वाट हिवाळी गोलार्धाच्या मध्यम आणि उच्च अक्षांशांची आहे. कोकणातल्या जूनच्या पावसाला ती लावणं म्हणजे भलत्याच गावाला जाणाऱ्या एसटीत बसणं.

कण, नायट्रोजन आणि ध्रुवीय रात्र

चुंबकीय वादळांचा वातावरणावरचा सर्वांत ठोस परिणाम ध्रुवांजवळ दिसतो. वेगवान कण नायट्रोजनचे रेणू फोडतात आणि नायट्रिक ऑक्साइड बनतो. तो ओझोनचा एक ऑक्सिजन काढून घेतो आणि नायट्रोजन डायऑक्साइड होतो. डायऑक्साइड मोकळ्या ऑक्सिजन अणूला भेटला की पुन्हा नायट्रिक ऑक्साइड होतो आणि पुढच्या ओझोनकडे वळतो. स्वतः न संपता तो ओझोन संपवत राहतो.

यात ऋतू निर्णायक आहे. स्थितांबराच्याही वरच्या मध्यांबरात ऊन असेल तर हा वायू लवकर फुटून जातो. ध्रुवीय रात्रीत तो आठवडेच्या आठवडे टिकतो, आणि हिवाळी भोवऱ्यातली हवा हळूहळू खाली बसत असते, तिच्याबरोबर तोही स्थितांबरात उतरतो. 2003 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या प्रचंड वादळांनंतर नेमका भोवराही जोरकस होता. 2004 च्या वसंतात आर्क्टिकवरच्या वरच्या स्थितांबरात ओझोन काही ठिकाणी 60 टक्क्यांपर्यंत घटलेला उपग्रहांनी मोजला. तेवढंच वादळ त्या गोलार्धाच्या उन्हाळ्यात आलं असतं तर परिणाम फार थोडा राहिला असता. म्हणून वादळाची श्रेणी सांगून भागत नाही, महिना आणि गोलार्धही सांगावा लागतो. हवामानबदलाच्या जागतिक प्रारूपांना पुरवल्या जाणाऱ्या सौर विदेत (डेटात) हे कण प्रारूपांच्या आंतरराष्ट्रीय तुलनेच्या सहाव्या फेरीत, म्हणजे 2017 मध्ये, पहिल्यांदा आले. त्याआधीच्या प्रारूपांत सूर्य म्हणजे फक्त प्रकाश होता.

वैश्विक किरण आणि ढग

सर्वांत गाजलेला आणि सर्वांत जास्त ताणला गेलेला दावा हाच. सूर्य सक्रिय असला की त्याचं चुंबकीय क्षेत्र वैश्विक किरणांना थोपवतं. हे किरण हवेत आयन तयार करतात. आयनांभोवती वाफा जमून सूक्ष्म कण बनतात, कणांवर ढगाचे थेंब धरतात. म्हणजे सूर्य तापला की किरण कमी, ढग कमी, पृथ्वी गरम. 1997 मध्ये स्वेन्समार्क आणि फ्रीस-क्रिस्टेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या ढगनोंदींतून ही जोडी मांडली. पुढे ती फक्त कमी उंचीच्या ढगांपुरती उरली आणि 1994 नंतरच्या नोंदींत तीही सुटली.

कल्पना म्हणून ती चुकीची नव्हती, म्हणून ती नीट तपासली गेली याचं मला फार मोल वाटतं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत 'क्लाउड' नावाचा प्रयोग उभा राहिला. 26 घनमीटरची, आतून कमालीची स्वच्छ ठेवलेली पोलादी टाकी. तिच्यात मोजून मापून गंधकाम्लाची वाफ, अमोनिया आणि झाडांतून सुटणाऱ्या वाफा सोडायच्या. प्रवेगकातून कणांचा झोत आणून वैश्विक किरणांची नक्कल करायची. आणि तुलनेसाठी टाकीत जोरदार विद्युतक्षेत्र लावून सगळे आयन झाडून काढायचे. हा शेवटचा भाग महत्त्वाचा, कारण आयनविरहित हवा निसर्गात कुठेच मिळत नाही. 2011 च्या निकालात आयनांमुळे कण जन्मण्याचा वेग दुपटीपासून दसपटीपर्यंत वाढलेला दिसला.

मग अडलं कुठे? जन्मलेला कण 1-2 नॅनोमीटरचा असतो. ढगाचा थेंब धरायला 50 ते 100 नॅनोमीटरचं बीज लागतं. 1 वरून 100 नॅनोमीटरवर जाणं म्हणजे आकारमानात 10 लाख पट वाढ. कण ताशी काही नॅनोमीटर वाढतो, त्यामुळे या वाढीला दिवस-दीड दिवस सहज लागतो, आणि तेवढ्यात बहुतेक पोरं आधीच हवेत असलेल्या मोठ्या कणांना चिकटून संपतात. नवजात कण वाढवले तर वाफ जास्त तोंडांत वाटली जाते आणि प्रत्येकाची वाढ मंदावते. शेवटी जन्मदर दुप्पट झाला तरी मोठ्या बीजांची संख्या नाममात्रच हलते. क्लाउडचेच आकडे जागतिक प्रारूपात घालून 2016 मध्ये हिशेब झाला, तेव्हा सौरचक्राबरोबर होणारा वैश्विक किरणांचा बदल ढगबीजांवर लक्षणीय परिणाम करत नाही, असंच निघालं.

तुलना जवळचीच आहे. सोलापूरला पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने 2018-19 मध्ये कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. विमानाने ढगाच्या तळाशी क्षारांचे तयार, मोठे कण सोडले; वाढीची सगळी वाट आधीच ओलांडलेले. तरीही सरासरी वाढ सुमारे 18 टक्क्यांची भरली, आणि तीसुद्धा योग्य ढग निवडल्यावर. तयार बीज थेट ढगात देऊन हा हिशेब, तर एका नॅनोमीटरच्या कणाकडून दुष्काळ हटवण्याची अपेक्षा किती ठेवायची?

आणखी एक गोष्ट भारतातल्या चर्चांत नेहमी सुटते. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र वैश्विक किरणांना सर्वांत जास्त अडवतं ते दक्षिण आणि आग्नेय आशियावर. इथे किरणाला आत यायला सुमारे 17 गिगाव्होल्टची 'दृढता', म्हणजे चुंबकीय क्षेत्राने न वळता पुढे जाण्याची क्षमता, लागते, ध्रुवांजवळ जवळपास काहीच लागत नाही. सूर्याचा प्रभाव पडतो तो मुख्यतः कमी ऊर्जेच्या किरणांवर, आणि ते आपल्याकडे मुळात पोचतच नाहीत. वैश्विक किरण मोजणारे ध्रुवांकडचे न्यूट्रॉन मापक सौरचक्रात 15-20 टक्के चढउतार दाखवतात, आपल्या अक्षांशावर तो काही टक्क्यांवर येतो. हा दावा लावायला महाराष्ट्र ही जगातल्या सर्वांत प्रतिकूल जागांपैकी एक आहे.

उलट दिशेने मात्र या किरणांनी हवामानशास्त्राला छान हातभार लावला. मुंबईच्या टीआयएफआर संस्थेच्या उटीतल्या ग्रेप्स-3 प्रयोगाने 1 डिसेंबर 2014 च्या एका गडगडाटी ढगातून येणाऱ्या म्युऑन कणांची (ते वैश्विक किरणांपासून हवेत जन्मतात) घट मोजली आणि ढगातला विद्युतदाब 1.3 अब्ज व्होल्ट असल्याचं काढलं.

विजेची वाट थोडक्यात. जगभरची गडगडाटी वादळं मिळून आयनांबर आणि जमीन यांच्यात सुमारे 250 हजार व्होल्टचा फरक राखतात. निरभ्र हवेतून दर चौरस मीटरला सुमारे 2 पिकोॲम्पिअर प्रवाह सतत खाली झिरपत असतो. सौर वाऱ्याने हा प्रवाह बदलतो, आणि ढगांच्या कडांवर साचणाऱ्या विद्युतभारामुळे थेंबांचं वर्तन बदलत असावं, अशी मांडणी आहे. आंतरग्रहीय चुंबकीय क्षेत्राची दिशा बदलली की ध्रुवांवरचा हवेचा दाब किंचित हलतो, असा दावा 1970 च्या दशकापासून आहे. अलीकडच्या काटेकोर तपासण्यांत तो डळमळला. जमिनीलगतचं विद्युतक्षेत्र मोजणं तसं सोपं, बिघडवणं त्याहून सोपं: धुकं, धूळ, धूर, जवळचं झाड. पृथक्कारकावर कोळ्याचं एक जाळं लागलं तरी प्रवाह गळतो आणि आकडे खोटे येतात. पहाटे जमिनीलगत साचलेला रेडॉन वायू सूर्योदयानंतर ढवळला गेला की क्षेत्र उसळतं. ते सूर्याच्या भडकण्यामुळे नसतं. भारतीय भूचुंबकत्व संस्थेने या नोंदींसाठी तिरुनेलवेली आणि अंटार्क्टिकातलं मैत्री अशा जागा वापरल्या, त्या याच विचाराने.

मान्सून आणि सौरडाग: जुनं प्रकरण

आपल्याकडे हा प्रश्न दुष्काळाच्या पोटी जन्मला. 1876-78 च्या दुष्काळाने दख्खन उजाड झाला, आणि 1878 हे सौरडागांच्या, म्हणजे सौरचक्राबरोबर वाढणाऱ्या-घटणाऱ्या सूर्यावरच्या काळ्या डागांच्या, तळाचं वर्ष होतं. त्याच सुमारास मद्रासच्या पावसाचे आकडे घेऊन 'डाग कमी तर पाऊस कमी' असा नियम ब्रिटिश अधिकारी आणि शास्त्रज्ञांनी मांडला. मद्रासला जुळलेलं गणित इतर ठिकाणी मात्र जुळेना. तरीही दुष्काळ आयोगाने सूर्याच्या नियमित निरीक्षणाची शिफारस केली, आणि 1899 मध्ये कोडाईकॅनलची सौर वेधशाळा सुरू होण्यामागे ते एक कारण होतं. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी चालवलेल्या तख्तसिंगजी वेधशाळेची उपकरणंही 1912 मध्ये तिकडेच गेली. भुकेच्या प्रश्नावर सूर्यात उत्तर शोधायला निघालेले ते लोक चुकीच्या वाटेवर असतील, पण त्यांनी मागे ठेवलेल्या शंभरहून अधिक वर्षांच्या सौरछायाचित्रांची सर दुसऱ्या कशाला नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत हवामान आणि चुंबकत्व दोन्हींच्या नोंदी होत. कॅरिंग्टन वादळात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात झालेली सुमारे 1600 नॅनोटेस्लांची विक्रमी घट तिथेच टिपली गेली. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामचा गोंधळ नको म्हणून चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला हलली.

हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी पावसाच्या अंदाजासाठी जगभरचे घटक पडताळले, त्यांत सौरडागही होते. तो धागा अंदाजासाठी फार क्षीण निघाला. हाती लागली ती प्रशांत महासागरावरच्या दाबाची सी-सॉ, ज्याला आज आपण एल निनोच्या जोडीने ओळखतो. 1877 मध्येही एक प्रचंड एल निनो चालू होता, हे नंतर कळलं.

आज हे कुणालाही पाच मिनिटांत पडताळता येतं. 2002: सूर्य माथ्याजवळ, देशाचा पाऊस सरासरीच्या 81 टक्के. 2009: सूर्य तळाशी, पाऊस 78 टक्के. 2014: पुन्हा माथा, 88 टक्के. 2019: तळ, 110 टक्के. 2024: माथा, 108 टक्के. माथ्यावर दुष्काळ आणि सुकाळ दोन्ही, तळालाही दोन्ही. फार लांबच्या काळावर मात्र चित्र थोडं वेगळं आहे. ओमानमधल्या एका गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभात 9 ते 6 हजार वर्षांपूर्वीचा मान्सून आणि सूर्याची सक्रियता बरोबर हललेली दिसते. शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनीही पावसाच्या नोंदींत सौर खुणा शोधून काढल्या होत्या. म्हणजे सूक्ष्म सूर असेल. पण एका वर्षाच्या पावसाच्या गोंगाटात तो ऐकू येत नाही आणि पेरणीचा निर्णय त्यावर घेता येत नाही.

स्वतः तपासायचं असेल तर

विदा सगळी मोकळी आहे. सौरडागांची संख्या ब्रुसेल्सच्या सिल्सो केंद्राकडून, आवृत्ती 2.0, जुनी आवृत्ती मिसळू नका, 2015 मध्ये मोजपट्टीच बदलली. चुंबकीय वादळांसाठी क्योटोचा डीएसटी निर्देशांक. पाऊस आयआयटीएमच्या 1871 पासूनच्या मालिकेतून किंवा हवामान खात्याच्या जाळीबद्ध नोंदींतून.

आकडे उघडण्याआधी कागदावर लिहा: कोणता निर्देशांक, कोणता प्रदेश, कोणते महिने, किती विलंब. हे नंतर ठरवलं तर काहीतरी जुळणारच. वीस जोड्या तपासल्या की 5 टक्क्यांच्या कसोटीवर सरासरी एक जोडी आपोआप उत्तीर्ण होते. मग दीर्घकालीन कल काढून टाका.

सर्वांत जास्त माणसं घसरतात ती 11 वर्षांच्या चल सरासरीवर. आलेख गुळगुळीत झाला की सहसंबंध 0.4 पर्यंत उसळतो आणि जिंकल्यासारखं वाटतं. 150 वर्षांच्या विदेला 5 टक्क्यांच्या कसोटीवर 0.16 पुरेसा असतो, म्हणून 0.4 भरभक्कम भासतो. पण सरासरी काढल्यावर शेजारची वर्षं स्वतंत्र राहत नाहीत. दोन्ही मालिकांचा एका वर्षाचा स्व-सहसंबंध (एका वर्षाचा आकडा पुढच्या वर्षाच्या आकड्याशी किती जुळतो ते) 0.9 झाला असेल, तर खरी नमुनासंख्या काढायची अशी: दोन्ही स्व-सहसंबंधांचा गुणाकार 0.81, 1 मधून तो वजा केला की 0.19, 1 मध्ये मिळवला की 1.81, 150 गुणिले 0.19 भागिले 1.81, म्हणजे सुमारे 16. सोळा नमुन्यांना 0.5 लागतो. तुमचा 0.4 नापास.

नंतर एल निनो वजा करा आणि ज्वालामुखींची वर्षं वेगळी काढा. एल चिचोन 1982 मध्ये, पिनाटुबो 1991 मध्ये. दोन्ही स्फोट सौरचक्राच्या माथ्यानंतर दीड ते अडीच वर्षांनी झाले. त्यांच्या धुरळ्याने स्थितांबर तापलं आणि जमीन थंडावली, ते सहज सूर्याच्या नावावर खपतं. रोजच्या वादळांचा अभ्यास असेल तर सूर्याचं 27 दिवसांचं फिरणं ध्यानात ठेवा, नाहीतर एकच सक्रिय प्रदेश पुन्हा पुन्हा समोर येतो आणि तीन स्वतंत्र घटना म्हणून मोजला जातो.

महाराष्ट्रात अवकाश हवामान खरंच जाणवतं ते जीपीएसमध्ये. सौरचक्राच्या माथ्याजवळ, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत आयनांबरात विरळ बुडबुडे उठतात आणि सर्वेक्षणाच्या उपकरणांचा सेंटिमीटरचा 'फिक्स' सुटतो. सर्वेक्षण सकाळी उरका.

संशोधनाला सध्या सर्वांत जास्त नड आहे ती अतिनील किरणांच्या विश्वासार्ह दीर्घ नोंदीची. 2003 मध्ये सोडलेल्या सोर्स उपग्रहाच्या एका उपकरणाने अतिनील घट अपेक्षेच्या कित्येक पट जास्त दाखवली होती. तिच्यावर हवामानाची प्रारूपं चालवून खळबळजनक निष्कर्षही निघाले. नंतर बहुतेकांच्या मते तो उपकरणाच्या म्हातारपणाचा दोष ठरला: अतिनील किरणच आरसे आणि संवेदक काळवंडवतात, आणि ती झीज सूर्याच्या मंदावण्यासारखी दिसते. 2018 पासून अंतराळ स्थानकावर नवं मापक चालू आहे. आदित्य-एल1 यानावरची, पुण्याच्या आयुकाने उभारलेली सूट ही दुर्बीण नेमक्या 200 ते 400 नॅनोमीटरच्या पट्ट्यात, 11 फिल्टरांतून, सूर्याची चित्रं घेते आहे. ओझोनला हलवणारा प्रकाश सूर्याच्या कोणत्या डागातून, कोणत्या उजळ पट्ट्यातून किती येतो, हे त्यांत दिसतं. पंचविसावं चक्र आता उतरणीला लागलं आहे. तळ येईल तो साधारण या दशकाच्या अखेरीस, आणि तोवर ही चित्रं येत राहिली तर माथ्यापासून तळापर्यंतची उतरंड या पट्ट्यात जागा-जागेनिशी हाती असेल.